बंदूक ठेवायला जागा हवी

सोमवार, ४ नोव्हेंबर

वैद्य भाऊजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं नसेल, म्हणून आधीच सांगते. तुकडीत तुम्ही ज्यांना मांजर म्हणायचात, त्यांची बायको. पत्र लगेच फाडू नका. फाडायचंच असेल तर निदान शेवटपर्यंत वाचून फाडा.

लेक झाली तेव्हा तुम्ही पार्सल पाठवलं होतं. त्या खोक्यात मी अजून लोकरीचे कपडे ठेवते. त्यावरून पत्ता घेतला. घर बदललं असेल तर हे पत्र दुसराच कुणीतरी वाचत असेल. त्यानं कृपा करून ते चुलीत घालावं.

फोन का केला नाही, असं मनात येईल. तुमचा जुना नंबर लागत नाही, आणि लागला असता तरी केला नसता. हे हल्ली माझा फोन बघतात. तसला संशय नाही हो. कुणी आपला ठावठिकाणा विचारतंय का, ते बघतात. कुणीही विचारत नाही.

काम अगदी छोटं आहे. आमच्या घरात एक वस्तू आहे, ती काही महिने तुमच्याकडे राहू शकेल का? फार जागा लागत नाही. कपाटाच्या मागं उभी राहते. न्यायला मात्र तुम्हालाच यावं लागेल.

बाकी सगळं ठीक. लेक सहावीत गेली. उंची बापाची, जीभ माझी. परवा खेळताना ओठ फुटला तिचा, पण आता सूज उतरलीय. हल्ली ती माझ्या खोलीत झोपते, थंडी सुरू झालीय ना. हे बाहेरच्या खोलीत असतात, खुर्चीत, दाराकडे तोंड करून. झोप थोडी कमी आहे. पिणं आहे, पण तुम्ही बरोबर होतात तेव्हा होतं तेवढंच, थोडं इकडेतिकडे.

उत्तर घरी पाठवू नका. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते, तिथला पत्ता मागे लिहिलाय. मालक भले आहेत, दुसऱ्याची पाकिटं उघडत नाहीत. त्यांना स्वतःचाच चष्मा सापडत नसतो.

तुमचं आणि यांचं काय बिनसलं, मला कधीच कळलं नाही. तुमचं नाव निघालं की हे ताट बाजूला सारतात, एवढंच माहीत आहे. तरी तुम्हालाच लिहितेय, कारण दुसरं कुणी सुचत नाही.

तुमची वहिनी


बुधवार, १३ नोव्हेंबर

भाऊजी,

एवढ्या लांबून कार्ड आलं आणि त्यावर दोनच शब्द. "कोणती वस्तू?"

बरं. बंदूक.

सैन्यातून आल्यावर यांना बँकेत पहारेकऱ्याची नोकरी लागली होती, स्वतःची बंदूक असेल तरच मिळणारी. दुनळी घेतली, परवाना काढला. सहा महिन्यांमागं ती नोकरी गेली. मागच्या पत्रात लिहिलं नाही, कारण मग नोकरी का गेली तेही लिहावं लागलं असतं. सकाळीच तोंडाला वास यायचा, कॅशिअरनं तक्रार केली. नोकरी बँकेत राहिली, बंदूक घरी आली.

आधी हे ती आठवड्यातून एकदा पुसायचे. आता रोज, जेवण झाल्यावर. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरतात, फडकं, तेलाची बाटली. टेबलाचा तेलकट वास आता साबणानंही जात नाही. लेक जमिनीवर बसून अभ्यास करते. पुसून झाली की मोडून नळीतून खिडकीकडे बघतात, पुन्हा जोडतात. गेल्या आठवड्यात मी दुकानातून लवकर आले, तर हे ती उभी धरून तिच्यावर कपाळ टेकवून बसले होते. मला बघून हललेसुद्धा नाहीत. म्हणाले, "थंड लागतं. बरं वाटतं."

मी चहा ठेवला. दुसरं काय करायचं असतं अशा वेळी, तुम्ही सांगा.

आणि लेकीचा ओठ खेळताना फुटला नाही. वरच्या मजल्यावर कुणीतरी लोखंडी पलंग सरकवताना सोडून दिला. दण्णकन आवाज झाला. मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत यांनी तिला टेबलाखाली ओढून स्वतःच्या अंगाखाली घेतलं होतं आणि तिच्या तोंडावर हात दाबून धरला होता, आवाज करू नये म्हणून. तिला श्वास घेता येईना. पाय झाडत होती. मी यांची बोटं एकेक करून उचकटली, भाऊजी. डब्याचं घट्ट झाकण उचकटावं तशी. मग जरा वेळानं यांचे डोळे जागेवर आले. लेकीचा ओठ बघितला आणि मला विचारलं, "हिला कुणी मारलं?"

तिनं सांगितलं, "पडले, बाबा."

अकरा वर्षांची आहे. माझ्यापेक्षा सफाईनं खोटं बोलते.

आता कळली ना वस्तू? येणार का, एवढंच लिहा. या वेळी चार शब्द खर्च केलेत तरी चालेल.

तुमची वहिनी


मंगळवार, १९ नोव्हेंबर

भाऊजी,

बोलका माणूस आहात तुम्ही. दुसऱ्या कार्डावर माजी सैनिकांच्या केंद्राचा पत्ता, आणि खाली "आधी इथं जा. समुपदेशक बाई चांगल्या आहेत." तुम्ही येणार की नाही, त्याचं नाव नाही. बाई चांगल्या आहेत हे तुम्हाला कसं ठाऊक, तेही विचारत नाही.

गेले. मालकांना दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगितलं.

मला वाटलं होतं, दवाखान्यासारखं असेल. खाली लांबलचक खोली, भिंतीला लागून खुर्च्या, त्यांवर पुरुष. एकही जण दाराकडे पाठ करून बसलेला नव्हता. मला घरीच आल्यासारखं वाटलं.

बाई माझ्याच वयाच्या. मी दारू सांगितली, झोप सांगितली, ओठाचं सांगितलं. सांगताना माझा आवाज इतका साधा येत होता की मलाच लाज वाटली, जणू गिऱ्हाइकाला काचेचा नंबर सांगतेय. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरात हत्यार आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं? पोलीस येतील, शेजारपाजार बघेल, परवाना जाईल, उद्या यांना कुठं पहाऱ्याचीही नोकरी मिळणार नाही. सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं आणि तोंडातून "नाही" निघालं. बाहेर पडले, बसस्टॉपवर आले. बस आली, दार उघडलं, कंडक्टर म्हणाला, "चला बाई, चला." माझा पायच उचलेना. बस गेली. मी पुन्हा जिना चढून वर गेले आणि दारातूनच म्हटलं, "आहे. दुनळी आहे. काडतुसं कपाटाच्या चोरकप्प्यात, किल्ली यांच्या कमरेला."

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बसस्टॉपवरून परत येणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. बसा."

मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली म्हणजे बंदूक हिसकवायची नाही आणि लपवायचीही नाही. "लपवलीत तर ते शोधतील, आणि मग तुमच्यावर उरलासुरला विश्वासही जाईल. त्यांनी स्वतःच्या हातानं द्यायला हवी. ते कुणाला देतील, असा एक माणूस शोधा. तोवर निदान काडतुसं तरी वेगळ्या घरी जाऊ द्या म्हणावं." दुसरी गोष्ट दारूची. ती घरी एकदम तोडायची नाही. इतकी वर्षं रोज घेणाऱ्यानं अचानक बंद केली तर जिवावर बेतू शकतं. केंद्रात भरती करून, औषधं देऊन उतरवायची. "त्यांना म्हणावं, एकदा नुसते येऊन बसा. भरतीचं नंतर बघू."

त्याच दिवशी जेवताना मी सहज म्हटल्यासारखं केलं. "समजा, आपल्याला कुठं लांब जायचं झालं, तर बंदूक कुणाकडे ठेवायची हो?"

यांनी घास खाली ठेवला. माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की लेकीनं उगाच पाणी मागितलं.

"एकच माणूस होता," म्हणाले. "त्याच्याकडे डोळे मिटून ठेवली असती. त्यानंच मला विकलं."

कोण, ते विचारायची गरज नव्हती. ताट बाजूला सरलं होतं.

तर तो माणूस तुम्ही आहात. काय विकलंत, कुणाला विकलंत, मला नंतर सांगा, नाहीतर कधीच सांगू नका. पण या. तुम्ही समोर उभे राहिलात तर हे तुम्हाला चार शिव्या घालतील आणि बंदूक देतील, असं मला वाटतं. चुकतही असेन. पण माझ्याकडे दुसरं नाव नाही.

तुमची वहिनी


सोमवार, २ डिसेंबर

भाऊजी,

तुम्ही आला नाहीत.

हे केंद्राच्या वॉर्डबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. हे आत आहेत, जिवंत आहेत. तेवढं आधी लिहिते म्हणजे पुढचं तुम्हाला वाचता येईल.

मी यांना केंद्राबद्दल सांगितलं. बुधवार होता. भरतीचा शब्द ऐकून हे उठले, कपाटातल्या, न्हाणीघरातल्या, पिठाच्या डब्यामागच्या सगळ्या बाटल्या काढल्या. पिठाच्या डब्यामागची मलाही ठाऊक नव्हती. "दारूच सोडायचीय ना? त्याला कशाला हवाय दवाखाना? बघ." आणि एकेक बाटली मोरीत ओतली.

बाईंचं बोलणं मला आठवत होतं. अगदी शब्दन् शब्द आठवत होतं. पण मोरीतून ती दारू जाताना बघत होते आणि लेक मागून येऊन माझ्या कमरेला बिलगली, तेव्हा कोण उठून केंद्राला फोन करणार होतं? मी शेवटची बाटली स्वतः धुऊन ठेवली.

गुरुवारी यांना घाम सुटला. कप हातात धरवेना. म्हणाले, सर्दी आहे. मी दुकानात गेले.

शुक्रवारी सकाळी लेक दप्तर पाठीला लावून तयार होती. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात आलो, तर हे मधल्या बोळात उभे. हातात बंदूक. कपडे घामानं अंगाला चिकटलेले.

"हलू नका," म्हणाले. अगदी हळू आवाजात.

लेक म्हणाली, "बाबा, मला उशीर होतोय."

"पुढं सगळीकडे सुरुंग पेरलेत." त्यांचे डोळे फरशीवर फिरत होते. "एक पाऊलसुद्धा टाकू नका."

आमची फरशी भाऊजी, साधी, पांढरी. बोळ ओलांडला की बाहेरची खोली, मग दार. माझा फोन बाहेरच्या टेबलावर होता, तिथूनच मला दिसत होता. तेवढ्यात खिडकीचा पडदा हलला आणि बंदूक तिकडे वळली. मग आमच्याकडे. मग पुन्हा पडद्याकडे. आमच्याकडे वळायची तेव्हा त्यात चिडणं नव्हतं, काहीच नव्हतं. हे आम्हाला राखत होते. तेच जास्त भयानक होतं.

ओरडून उपयोग नव्हता. "अहो, घरात आहोत आपण," असं म्हणावंसं वाटलं. पण टेबलाखालच्या दिवशी मी तेच तर ओरडत होते, आणि त्यांच्या कानापर्यंत ते पोचलं नव्हतं. काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "मग तुम्ही रस्ता काढा ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हेच तर काम तुमचं. हिला शाळेत जायचंय. तुम्ही रस्ता काढा, आम्ही मागनं येतो."

त्यांनी बोळ शेवटपर्यंत न्याहाळला. मग म्हणाले, "सळई कुठाय माझी?"

लेकीनं दप्तर काढलं, त्यातून स्टीलची फूटपट्टी काढली आणि हात लांब करून पुढं धरली. "ही चालेल, बाबा?"

त्यांनी ती घेतली, कडेवरून बोट फिरवलं. "चालेल."

सुरुंग काढायला दोन्ही हात लागतात. इतक्या वर्षांत यांनी मला कामाचं सांगितलेलं तेवढंच. त्यांनी बंदूक भिंतीलगत आडवी ठेवली, नळी आमच्यापासून लांब करून. भान नव्हतं, पण ती सवय होती. मग पोटावर झोपले आणि दोन फरशांमधल्या फटीत फूटपट्टी सारायला लागले.

"वरून दाबायचं नाही," लेकीला सांगत होते, शिकवत असल्यासारखं. "तिरकं. कायम तिरकं. खुणा लाव."

"कशानं?"

"असेल त्यानं."

तिनं रंगीत पेन्सिली काढल्या. एक फरशी झाली की तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पेन्सिल. हे पुढं, ती मागं गुडघ्यांवर, तिच्यामागं मी. बंदुकीपाशी आले तशी मी वाकून ती उचलली. जड असते, मला वाटलं होतं त्याहून जड.

हे थांबले. मागं वळले नाहीत. "मागं कोण?"

"मी आहे. तुमचं सामान घेतलंय."

"नळी खाली."

"खालीच आहे."

रोज समोर बसून पुसताना बघितली होती, म्हणून मोडता आली. खट्ट आवाज झाला. त्यांचं अख्खं अंग ताठ झालं. "काय वाजलं?"

"दप्तराची कडी, बाबा," लेक म्हणाली. तिचा आवाज हललाही नाही.

दोन्ही नळ्या भरलेल्या होत्या. मी काडतुसं काढून एप्रनच्या खिशात टाकली. ती मांडीला लागत होती आणि मी एकेक फरशी सरकत होते.

दाराशी पायपुसणं आहे, त्यापाशी हे थबकले. त्याच्या कडेखाली बोटं घातली आणि तसेच पडून राहिले, गाल फरशीला लावून. हात इतके थरथरत होते की फूटपट्टी फरशीवर टकटक वाजत होती. "इथं आहे एक," म्हणाले. मग कुणाला तरी, आम्हाला नाही, "रेडिओ, तू मागं राहा. मी करतो. माझे हात ठीक आहेत."

मग त्यांनी ते पायपुसणं दोन्ही तळव्यांवर उचललं, सपाट, जराही न कलू देता, आणि गुडघ्यांवर चालत जाऊन कोपऱ्यात ठेवलं. झोपलेलं मूल ठेवावं तसं.

"जा," म्हणाले.

लेकीनं कडी काढली. ती जिन्यावरून धावत खाली गेली आणि शेजारच्या ड्रायव्हरकाकांचं दार बडवायला लागली. मी बंदूक काकांच्या हातात दिली, केंद्राला फोन केला. परत आले तेव्हा हे उंबऱ्यात पडले होते आणि त्यांना फिट आली होती. गाडी येईपर्यंत मी त्यांचं डोकं मांडीवर धरलं.

डॉक्टर म्हणतात, धोका टळला. आज मला ओळखलं. बंदूक पोलीस ठाण्यात जमा आहे, काडतुसंही. बाईंनी स्वतः ठाण्यात येऊन बघितलं, कुणी वेडंवाकडं बोललं नाही. तेव्हा आता जागेची गरज नाही, भाऊजी. तुम्ही सुटलात.

फक्त एक सांगा. रेडिओ कोण?

तुमची वहिनी


शनिवार, १४ डिसेंबर

भाऊजी,

मागचं पत्र रागात लिहिलं होतं. परत मागत नाही, पण परवा जे कळलं ते आधी कळलं असतं तर "सुटलात" हा शब्द लिहिला नसता.

गुरुवारी मी केंद्रात पोचले तर फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "तुमच्या पेशंटला भेटायला एक गृहस्थ आले होते. नाव लिहायला वही पुढं केली तर पेन हातात धरून उभे राहिले, मग म्हणाले, पुन्हा येतो. मी ओळखलं त्यांना. पूर्वी आपल्याकडेच भरती होते ना, दुसऱ्या मजल्यावर."

मी फाटकातून वळून बघितलं. तुम्ही रस्त्यापलीकडे स्टॉपवर उभे होतात. पाठमोरे. केस पिकलेत. हाक मारणार होते, तेवढ्यात बस आली आणि तुम्ही तिच्यात चढलात. मी तेव्हा चढले नव्हते, तुम्ही चढलात, एवढाच आपल्यात फरक.

आत आले तर हे अंगणात बाकावर बसले होते, उन्हात. आता झोप लागते. अंगावर थोडं मांस चढलंय. त्या शुक्रवारचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. लेकीनं सांगितलं मागच्या रविवारी, मी नाही. "तू रस्ता काढलास बाबा, आणि मी खुणा लावल्या." ऐकून हे उठून संडासात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. बाईंनी मला आत जाऊ दिलं नाही. बाहेरून नुसतं म्हणाल्या, "आम्ही इथंच आहोत हं."

मी विचारलं, "रेडिओ कोण?"

वाटलं, आता बाक सोडून जातील. नाही गेले. रेडिओ तुमच्याच तुकडीतला, म्हणाले. अखंड बोलायचा म्हणून रेडिओ. झोपेतसुद्धा. त्याला बंद करायला तुम्ही बूट फेकायचात.

मग सांगितलं. सुरुंग काढायला निघायच्या आधी, सकाळी चहा घेताना तुम्ही यांच्या हातातला मग बघितलात, उठलात आणि साहेबांकडे गेलात. म्हणालात, आज मांजरला आत पाठवू नका, त्याचे हात चालत नाहीत. साहेबांनी यांचं नाव काढलं. तिथं दुसरं नाव लागलं.

"रेडिओ गेला," म्हणाले. "माझ्या जागी. मी तंबूत बसलो होतो आणि आवाज आला. मी वैद्याला म्हटलं, तू मला विकलंस आणि त्याला मारलंस. तो काही बोलला नाही. आजतागायत बोललेला नाही."

शेजारी कुणीतरी झाडांना पाणी घालत होतं. मग मी विचारलं, कारण ते कुणीतरी विचारायलाच हवं होतं. "थरथरत होते का हात?"

"नाही."

आणि मग हे खाली बघत बसले, स्वतःच्याच हातांकडे. इतका वेळ की भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. मी उठले तशी माझा पदर धरला.

"होते," म्हणाले. "चहा मनगटावर सांडला होता. भाजलं होतं मला. मी बाही खाली ओढली."

"तुम्ही गेला असता तर?"

"मी गेलो असतो. आणि माझ्या मागचे दोघं."

मागचे दोघं कोण असणार होते, ते त्यांनी सांगितलं नाही. पण तुकडीचा वैद्य नेहमी मागंच असतो ना, भाऊजी?

मी म्हटलं, मी लिहिते त्यांना. तर म्हणाले, "नको. मी लिहीन. अजून पेन नीट धरता येत नाही."

तेव्हा वाट बघा. मी ही बातमी फोडलीय, हे कळू देऊ नका. बायकोच्या पोटात काही राहत नाही असं म्हणतील, आणि या वेळी ते खरंही असेल.

तुमची वहिनी


गुरुवार, २ जानेवारी

वैद्या,

अक्षर बघून हसू नकोस. निम्मं पान कालच फाडलं.

बायकोनं तुला सगळं आधीच लिहिलं असणार. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. तरी मला स्वतः लिहायचंय. त्या दिवशी माझे हात थरथरत होते. आदल्या दिवशीपासून. तू बघितलंस आणि सांगितलंस, ते बरोबर केलंस. मी तुझ्या जागी असतो तर दोस्ती तुटेल म्हणून गप्प बसलो असतो, आणि तू आज हे वाचत नसतास.

हे लिहायला मला इतकी वर्षं लागली, कारण हे मान्य केलं की रेडिओचं ओझं माझ्याकडे येत होतं. तुझ्या अंगावर टाकलं की मला उचलावं लागत नव्हतं. इथल्या बाई म्हणतात, ओझं दोघांचंही नाही. त्या चांगल्या आहेत, पण त्या तिथं नव्हत्या. मी अजून ठरवलेलं नाही.

मी बरा झालोय, असं समजू नकोस. दुपारी जेवण झालं की हात काहीतरी शोधतात. बाटली की बंदूक, त्यांनाच कळत नाही. मग मी खाली त्या लांब खोलीत जाऊन बसतो. तिथं गोलात बसवतात. नौदलातल्या एका पाणबुड्याला बोलता बोलता रडू आलं, दुसरा सहा महिने कोरडा राहून परत प्यायला आणि परत आला. कुणी हसत नाही. मी अजून तिथं तोंड उघडलेलं नाही. परवाना मी स्वतः सही करून परत केलाय. सही करताना पोलिसानं पाणी दिलं.

लेक दर रविवारी येते. माझ्या मागून यायची असली की आधीच म्हणते, "बाबा, मी आहे." असं तिला करावं लागतं. ते मला बघवत नाही, पण बघतो.

वॉचमन म्हणाला तू फाटकापर्यंत आला होतास. आणि दुसऱ्या मजल्यावर तूही होतास म्हणे. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या शब्दांनी गेलास का तिथं? उत्तर देऊ नकोस. मला माहीत आहे.

आता मुद्द्याचं. रेडिओची आई अजून आहे. त्याच घरी. मी कधी गेलो नाही. काय तोंड दाखवायचं, म्हणून. बाई म्हणतात, एवढ्यात नको, अजून दोन-तीन महिने थांबा. थांबतो. पण जायचं आहे. तिला कुणीतरी सांगायला हवं की तो शेवटच्या सकाळीसुद्धा बडबडत होता, आणि आम्ही त्याला गप्प बस म्हणत होतो.

मला एकट्याला जमणार नाही. तुला तरी जमलंय का?

भेटीची वेळ चार ते सहा. वहीत नाव लिही, पेन वॉचमनकडे आहे. मी अंगणातल्या बाकावर असतो. बोलायचं नसेल तर नको बोलूस, मीही नाही बोलणार. पण आत ये.

मांजर